एका स्वराचं आयुष्य

गिटारची तार छेडली की तिचा स्वर त्याच क्षणापासून विझायला लागतो. व्हायोलिनचा गज फिरतो आहे तोवर तारेला बळ मिळत राहतं. बासरीत फुंकर असते, हार्मोनियमला भाता असतो, गायकाकडे दमसास असतो. गिटार वाजवणाऱ्याला मात्र प्रत्येक स्वरासाठी एकच आघात मिळतो. पुढचं सगळं तार आणि लाकूड यांच्या स्वाधीन. शिवाय दांडीवरचे पडदे पक्के ठोकलेले, त्यामुळे मींड घ्यायला जागा अगदी थोडी. आवाजही इतका नाजूक की शेजारी ट्रम्पेट सुरू झाला तर गिटार ऐकूच येत नाही.

इतक्या उणिवा असलेलं हे वाद्य विसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक देशाच्या संगीतात जाऊन बसलं. माझे आवडते गिटारवादक शोधायचे तर स्पेन, पॅरिस, मिसिसिपी, रिओ, जोधपूर, जयपूर असं हिंडावं लागतं. त्यांची तालीम वेगळी, ताल वेगळे, श्रोतेही वेगळे. मला ते सगळे एकाच कारणासाठी प्रिय आहेत. आस, म्हणजे छेडल्यानंतर स्वर रेंगाळणं, कमी असलेल्या या वाद्याला त्यांतल्या प्रत्येकाने स्वतःचं उत्तर दिलं आणि त्या उत्तरांतून एकेक शैली घडत गेली.

ही उत्तरं समजायला थोडं विज्ञान हवं. तार बारीक असते. ती एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिचा कंप घोडीतून तबलीत उतरतो, तबलीचं रुंद, पातळ लाकूड हवा हलवतं आणि मग आपल्याला आवाज ऐकू येतो. बोटाने तारेला दिलेली ऊर्जा ठरावीक असते, महिन्याच्या पगारासारखी. हलकी तबली ती भराभर उधळते, तेव्हा आवाज मोठा येतो पण लवकर संपतो. जड लाकूड ती जपून खर्च करतं, तेव्हा स्वर टिकतो पण ऐकू कमी येतो. मोठा आवाज आणि लांब आस ही दोन्ही सुखं साध्या गिटारला एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत. गिटार बनवणारे कारागीर आणि ती वाजवणारे कलावंत यांची सगळी धडपड या कोंडीभोवती चालते.

तात, नायलॉन आणि नख

आजच्या शास्त्रीय गिटारचा साचा घातला तो अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने गिटारचा खोका मोठा केला, तबली पातळ ठेवली आणि ती वाकू नये म्हणून आतून पंख्याच्या आकारात लाकडी पट्ट्या बसवल्या. तारेची वाजती लांबी त्याने साधारण ६५ सेंटीमीटर ठेवली आणि आजही बहुतेक शास्त्रीय गिटार त्याच मापाच्या असतात.

तोरेसची गिटार हाती घेऊन फ्रान्सिस्को तारेगाने (१८५२–१९०९) विझणाऱ्या स्वरावर एक देखणा उपाय केला. त्याची ‘रेकुएर्दोस दे ला आलांब्रा’ ही रचना ऐकताना वरची सुरावट अखंड वाहते आहे असा भास होतो. प्रत्यक्षात उजव्या हाताची अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकाच तारेवर एकामागून एक आघात करत असतात आणि अंगठा खालच्या तारांवर संगत धरून असतो. आधीचा स्वर विझायच्या आत पुढचा आघात येतो. आघातांमधलं अंतर आणि वजन किंचित जरी चुकलं तरी हा भास मोडतो, म्हणून जगभरचे विद्यार्थी आजही या एका रचनेवर वर्षं घालवतात.

आंद्रेस सेगोव्हियाचं (१८९३–१९८७) काम निराळं होतं. गिटार ही खानावळीत आणि अंगणात वाजवायची वस्तू, असं मानणाऱ्या जगात त्याने ती एकटीने मोठ्या सभागृहात नेली, तीही ध्वनिवर्धकाशिवाय. त्याच्या उजव्या हाताचं गुपित नखात होतं. तार आधी बोटाच्या मांसल टोकाला लागते आणि नखावरून सुटते, त्यामुळे स्वराला गोलाई आणि धार दोन्ही मिळतात. दुसऱ्या महायुद्धात आतड्याची तात मिळेनाशी झाली, कारण शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तिला मागणी होती. न्यूयॉर्कचे कारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. तात ओलसर हवेत बेसूर होई, पटकन तुटे. नायलॉन सुरात राहिलं. त्याआधीच, १९३५ साली, पॅरिसमध्ये सेगोव्हियाने बाखची व्हायोलिनसाठी लिहिलेली ‘शाकोन’ गिटारवर वाजवली. गजाने वाजवायची रचना छेडण्याच्या वाद्यावर उतरवणं हे मोठं धाडस होतं. त्याचं वादन ऐकताना आस कमी पडल्याची खंत वाटत नाही. सेगोव्हिया स्वरांचे रंग बदलत जातो, घोडीजवळ कडक आणि दांडीकडे मऊ, आणि आपला कान त्या रंगांत गुंतून राहतो.

तुटक स्वरांचा ताल

त्याच स्पेनमध्ये, आंदालुसियाच्या फ्लमेंकोमध्ये, स्वर लवकर संपतो ही गोष्ट उणीव मानलीच गेली नाही. फ्लमेंको गिटारची पाठ आणि बाजू परंपरेने सुरूच्या हलक्या लाकडाच्या, तारा दांडीला जवळ, तबलीवर टकटक करण्यासाठी वेगळी पट्टी चिकटवलेली. तिचा स्वर कोरडा, टोकदार असतो आणि चटकन संपतो. नृत्याच्या पायांशी आणि टाळ्यांशी बोलायचं तर रेंगाळणारा स्वर अडचणच करेल.

या वाद्याचा सम्राट म्हणजे पाको दे लुसिया (१९४७–२०१४). आल्जेसिरास बंदरातल्या गरीब घरात वडिलांनी त्याच्याकडून लहानपणापासून तासन् तास रियाझ करून घेतला. त्याच्या ‘पिकादो’ ताना, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने वापरून घेतलेल्या एकेरी स्वरांच्या ताना, आजही थक्क करतात. मला मात्र त्याचा ताल जास्त मोठा वाटतो. ‘बुलेरिया’ या प्रकारात बारा मात्रांचं आवर्तन असतं आणि त्यातल्या ठरलेल्या मात्रांवर वजन येतं. पाको त्या वजनांच्या आगेमागे खेळतो, पोकळी सोडतो आणि नेमका ठिकाणावर येतो. तालाची सवय असलेल्या आपल्या कानाला हे सुख सांगून समजवावं लागत नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस तो पेरूला गेला तेव्हा तिथलं ‘काहोन’ हे पेटीसारखं तालवाद्य त्याला भावलं. त्याने ते आपल्या संचात घेतलं आणि आज काहोनशिवाय फ्लमेंकोची मैफल कल्पनेत येत नाही. ज्याला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नव्हती अशा या माणसाने १९९१ साली संगीतकार रोद्रिगोचा ‘आरांहुएझ’ काँचेर्तो वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केला. शास्त्रीय वादक त्यात सुरांची लांबण शोधतात. पाकोने त्यातला ताल उघडा केला.

दोन बोटांची गिटार

जँगो राइनहार्ट (१९१०–१९५३) हा बेल्जियममध्ये जन्मलेला, पॅरिसच्या वेशीवरच्या तांड्यात वाढलेला जिप्सी मुलगा. १९२८ साली त्याच्या गाडीवजा घराला आग लागली. विक्रीसाठी ठेवलेली सेल्युलॉइडची कृत्रिम फुलं भडकली आणि त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची आखडली. पडद्यांवर स्वर धरणारा हात हाच. अठरा वर्षांच्या मुलाने उरलेल्या दोन बोटांसाठी सगळं वादन नव्याने रचलं. हात एका जागी ठेवून तारा बदलण्याऐवजी तो दांडीच्या लांबीवर वरखाली धावू लागला. आखडलेली बोटं जमेल तिथे सुरावटींच्या संगतीला वापरली.

१९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्याबरोबर त्याने उभा केलेला संच पाहा: एक व्हायोलिन, तीन गिटार, एक डबल बेस, ड्रम नाहीत. मागच्या दोन गिटार ठेका धरतात आणि जँगो पुढे असतो. समोर गजाचं वाद्य, म्हणजे आस हवी तेवढी. त्याच्यापुढे टिकायला जँगोकडे स्टीलच्या तारा होत्या, जाड पिकचा जोरकस आघात होता आणि प्रत्येक लांब स्वराला दिलेला रुंद, थरथरता कंप होता. ‘न्वाज’ ही त्याची रचना ऐकली की हा कंप ध्यानात येतो. स्वर संपत आला असता तो त्याला हलवून जागा ठेवतो.

जँगोचं उदाहरण पुढे एका अगदी वेगळ्या संगीताला उपयोगी पडलं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या डावखुऱ्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. निराश झालेल्या मुलाला कारखान्यातल्या मुकादमाने जँगोची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या आणि काही वर्षांनी त्या खालच्या पट्टीत सैल केल्या. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संचाने १९७० पासून जो जड, खर्जातला आवाज रूढ केला त्यातून हेवी मेटल जन्माला आलं.

विजेने दिलेली आस

१९३० च्या दशकात कोंडी फुटली ती विजेमुळे. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर स्टीलची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं, गुंडाळीत क्षीण वीज निर्माण होते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. आता हवा हलवण्याचं काम स्पीकर करणार होता. तबलीने ऊर्जा उधळायची गरज उरली नाही, म्हणून पुढे भरीव लाकडाच्या गिटार आल्या आणि तारेचा कंप तारेतच जास्त वेळ राहू लागला.

या शोधाला संगीत दिलं चार्ली क्रिश्चनने. ओक्लाहोमा सिटीत वाढलेला हा कृष्णवर्णीय तरुण १९३९ साली बेनी गुडमनच्या संचात आला. तोवर जॅझमधली गिटार बहुतेक वेळा मागे बसून ठेका धरत असे. चार्लीने तिच्यावर सॅक्सोफोनसारखी लांब, वळणदार वाक्यं वाजवली. फुंकीच्या वाद्यांच्या रांगेत उभं राहून बोलायचा हक्क गिटारला त्याच्यामुळे मिळाला. १९४२ साली क्षयाने तो गेला तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या नंतरच्या जवळजवळ प्रत्येक जॅझ गिटारवादकाच्या हातात त्याच्या वाक्यांचा अंश आहे.

बी. बी. किंग (१९२५–२०१५) हा मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेला. त्याचा नातलग बुका व्हाइट तारेवर धातूची नळी सरकवून रडका, ओढलेला स्वर काढायचा. किंगला ते जमेना. त्याने तो परिणाम साध्या बोटाने आणायचं ठरवलं. तार दाबायची, आडवी ताणून स्वर वर चढवायचा आणि मग मनगट हलवून त्याला थरथरवायचा. पक्क्या पडद्यांच्या वाद्यावर मानवी गळ्यातली ओढ आली ती अशी. गाताना तो गिटार वाजवत नसे. एक ओळ गळा म्हणे, पुढची ओळ गिटार. १९६४ साली शिकागोत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘लाइव्ह ॲट द रीगल’ मध्ये हा सवालजवाब ऐकावा. किंग अगदी थोडे स्वर वाजवतो आणि त्यातल्या एकाचीही जागा बदलता येत नाही. माझ्या लेखी गिटारवरची सर्वांत मोठी शिस्त ही आहे.

जिमी हेंड्रिक्सने (१९४२–१९७०) तर स्वराचं मरणच थांबवलं. अँप्लिफायरचा आवाज पुरेसा मोठा केला आणि गिटार स्पीकरसमोर धरली, की स्पीकरचा आवाज तारेला हलवतो, तार पिकअपला, पिकअप पुन्हा स्पीकरला. हे चक्र सुरू झालं की एका आघाताचा स्वर हवा तितका वेळ टिकतो. ध्वनितंत्रज्ञ या फीडबॅकला दोष समजत. हेंड्रिक्सच्या आधीही काहींनी तो वापरला होता, पण त्याने त्यावर ताबा मिळवला: कुठे उभं राहायचं, कोणत्या कोनात वळायचं, दांडीवरची तार किती दाबायची नाही तर घोडीचा दांडा किती हलवायचा, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. डावखुरा असल्याने तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून तारा नव्याने लावून घेई. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकच्या संगीतमहोत्सवात त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. व्हिएतनाम युद्ध चालू होतं. गीताच्या सुरावटीतून बाँब, विमानं आणि किंकाळ्या फुटत होत्या, आणि त्या सगळ्याला एकच माणूस, एकच गिटार पुरी पडली.

कुजबुजीचं संगीत

गिटार गर्जू लागली त्याच सुमारास ब्राझीलमध्ये ज्वाँव जिल्बेर्तो (१९३१–२०१९) तिचा आवाज आणखी हळू करत होता. त्याला नायलॉनच्या तारांची साधी गिटार पुरे होती. सांबाच्या मिरवणुकीतल्या मोठ्या ढोलाचा ठेका अंगठ्यात आणि लहान तालवाद्यांची आडवी वजनं उरलेल्या बोटांत घेऊन त्याने अख्खा सांबा एका हातात बसवला. गळा जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर ठेवला आणि शब्द तालाच्या किंचित पुढे-मागे टाकले. मायक्रोफोनने ही कुजबुज लाखो घरांत पोहोचवली. १९५९ च्या ‘शेगा दे साऊदाजी’ या तबकडीतून बोसानोव्हा ही शैली रूढ झाली. इथे स्वर थोडाच वेळ टिकतो, आणि त्याच्यामागची शांतता तालाचा भाग होते.

मांडीवर आडवी

पक्क्या पडद्यांची अडचण सोडवली हवाई बेटांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवण्याचं तंत्र घडवलं. पडदे बाद झाले, मींड मोकळी झाली. आणि १९३२ साली बाजारात आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार याच हवाई पद्धतीची होती. हवाईचे वादक जगभर फिरत भारतातही आले. टाऊ मो हा त्यांच्यातला नावाजलेला कलावंत १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिला. हवाई गिटार बंगालमध्ये घरोघरी पोहोचली आणि हिंदी चित्रपटसंगीतातही शिरली.

जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी तिच्यावर रागसंगीत आणलं. ते अली अकबर खाँ यांचे शिष्य. सरोदची मींड आणि गांभीर्य त्यांनी कांडीखाली आणलं. १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली तेव्हा त्यांच्याबरोबर संतूरवर शिवकुमार शर्मा आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. या तबकडीचे निर्माते होते एचएमव्हीचे जी. एन. जोशी, मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. तबल्यावर माणिकराव पोपटकर. तीन वाद्यांची मांडणी मुद्दाम ऐका: संतूरचा स्वर क्षणात विझतो, बासरीचा श्वासाइतका टिकतो आणि काब्रांची गिटार दोघांच्या मध्ये पूल बांधते.

जयपूरचे विश्वमोहन भट्ट, रविशंकरांचे शिष्य, आणखी पुढे गेले. त्यांनी गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. मुख्य तार वाजली की तिच्या सुरात मिळवलेल्या तरफा आपोआप झंकारतात आणि विझणाऱ्या स्वरामागे सुरांची आभा उरते. गिटारवादक राय कूडरबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या तबकडीसाठी त्यांना १९९४ चं ग्रॅमी मिळालं. ब्लूज वाजवणारी नळी आणि राग वाजवणारी कांडी तिथे शेजारी बसतात आणि दोघी सख्ख्या बहिणी निघतात.

उलट दिशेने आला इंग्लंडचा जॉन मॅक्लॉफ्लिन. झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर त्याने १९७० च्या दशकात ‘शक्ती’ हा संच उभारला. त्यासाठी त्याने एक खास गिटार बनवून घेतली. तिच्या पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं होतं, म्हणजे तार खोल दाबून आणि ओढून गमक घेता यावी, आणि मुख्य तारांना तिरक्या अशा सात तरफा बसवलेल्या होत्या. इतकी वर्षं जॅझ आणि रॉक गाजवलेला वादक दुसऱ्या परंपरेचं व्याकरण शिकायला बसला, ही गोष्ट मला त्याच्या वेगापेक्षा मोठी वाटते.

आज उत्तम वेगाने वाजवणारी मुलं प्रत्येक शहरात आहेत आणि त्यांचा रियाझ खरा आहे. पण वेग हा आघातांचा हिशेब झाला. या लेखातल्या वादकांची ओळख आघातानंतरच्या क्षणात आहे: किंगचं मनगट, जँगोचा कंप, पाकोने सोडलेली पोकळी, भट्टांच्या तरफा. म्हणूनच त्यांचा एकेक स्वर ऐकून माणूस ओळखता येतो. गिटार शिकणाऱ्याने यांतल्या कुणाचीही एक ओळ निवडावी आणि तिच्यातला सर्वांत लांब स्वर वाजवून पाहावा. तो स्वर सुरू कसा करायचा हे शिक्षक शिकवतील. संपेपर्यंत त्याचं काय करायचं, हे ज्याचं त्याने शोधायचं असतं, आणि शैली तिथून सुरू होते.